मेट पेशींवर पीएचडी करावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठातून तुमची बायोकेमिस्ट्रीची एमएस्सी पूर्ण होत आली आहे, जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली आहे, आणि क्षयरोग व मधुमेह असे दोन्ही आजार असलेल्या रुग्णांच्या रक्तातील मेट (MAIT) पेशींवर, म्हणजे रोगप्रतिकारक टी पेशींच्या एका वेगळ्या गटावर, पीएचडी करण्याची संधी एका प्रयोगशाळेने देऊ केली आहे. विभागातील एका सरांच्या मते हा विषय फार अरुंद आहे. बडोद्यात एवढ्या औषध कंपन्या असताना आणखी पाच वर्षे कशाला घालवायची, असे घरचे विचारतात. शिवाय त्या प्रयोगशाळेत उंदरांची सोय नाही, मग तिथे खरी इम्युनॉलॉजी कशी शिकता येईल, अशी तुमची स्वतःची शंका आहे. मी बडोद्यातच रुग्णांच्या रक्तावर अपारंपरिक टी पेशींचे काम करतो, त्यामुळे या तिन्ही शंका मला नव्या नाहीत.

माझ्या मते विषयाची रुंदी हा यातला मुख्य प्रश्न नाही. तिथे पाच वर्षांत तुम्हाला रक्तातील पेशी मोजण्यापलीकडे काही करता येणार आहे का, यावर सारे ठरेल. येणार असेल तर विषय अजिबात अरुंद नाही, आणि नसेल तर याहून प्रतिष्ठित विषय घेऊनही तुम्ही तिथेच अडकाल. गाइडचा स्वभाव, घरची आर्थिक निकड, पुढे परदेशी जाण्याची तयारी या गोष्टी मला ठाऊक नाहीत आणि त्यांवर बरेच अवलंबून आहे. म्हणून ‘घ्या’ किंवा ‘सोडा’ असे एका शब्दात न सांगता मी कसा विचार करतो ते मांडतो.

आधी पार्श्वभूमी. पाठ्यपुस्तकातील टी पेशी जंतूंच्या प्रथिनांचे तुकडे, म्हणजे पेप्टाइड, पेशींच्या पृष्ठभागावरील एचएलए रेणूंच्या खोबणीत बसलेले असतानाच ओळखते. झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी १९७४ मध्ये या नियमाचा पाया घातला आणि १९९६ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळाले. अपारंपरिक टी पेशी या नियमाबाहेर राहतात. गॅमा-डेल्टा पेशींचा रिसेप्टर, म्हणजे ओळख पटवणारा रेणूच, वेगळा असतो. त्याचे गॅमा जनुक १९८४ मध्ये तोनेगावांच्या प्रयोगशाळेत सापडले तेव्हा शोध खरे तर नेहमीच्या रिसेप्टरच्या अल्फा जनुकाचा चालू होता. सीडी१ रेणूंवर अवलंबून असलेल्या पेशी लिपिड ओळखतात. क्षयाच्या जंतूच्या वेष्टनातील मायकोलिक आम्ल सीडी१बीमार्फत टी पेशींना दाखवले जाते, हे १९९४ मध्ये सिद्ध झाले. आणि मेट पेशी एमआर१ नावाच्या रेणूवर बसलेली, ब-२ जीवनसत्त्व तयार होताना वाटेत उपजणारी लहान रसायने ओळखतात. हे जीवनसत्त्व आपले शरीर बनवत नाही, पण अनेक जीवाणू आणि यीस्ट बनवतात. क्षयाचा जंतूही बनवतो. त्यामुळे मेट पेशींसाठी ते रसायन म्हणजे ‘इथे जंतू आहे’ अशी सरळ खूण ठरते.

आता उंदरांची शंका, कारण या क्षेत्रात तिचे उत्तर इतर क्षेत्रांपेक्षा वेगळे आहे. निरोगी प्रौढ माणसाच्या रक्तातील टी पेशींपैकी साधारण १ ते १० टक्के मेट पेशी असतात आणि यकृतात हे प्रमाण त्याहून कितीतरी जास्त असते. प्रयोगशाळेतील नेहमीच्या उंदरांत मात्र त्या इतक्या थोड्या असतात की त्या वाढवण्यासाठी जनुकीय बदल केलेले उंदीर किंवा वेगळे वाण वापरावे लागते. आपल्या रक्तातील गॅमा-डेल्टा पेशींचा मुख्य गट, व्हीगॅमा ९ – व्हीडेल्टा २, उंदरांत मुळीच नाही. सीडी१ए, सीडी१बी आणि सीडी१सी हे रेणूही त्यांच्याकडे नाहीत. त्यांच्याकडे फक्त सीडी१डी आहे. उलट सीडी१डीवर अवलंबून असणाऱ्या एनकेटी पेशी उंदरांच्या यकृतात भरपूर, तर माणसाच्या रक्तात बहुधा ०.१ टक्क्याहूनही कमी असतात. किरीन या जपानी बिअर कंपनीच्या संशोधकांनी समुद्री स्पंजापासून मिळवलेले अल्फा-गॅलसेर हे द्रव्य एनकेटी पेशींना जागे करते, हे १९९७ मध्ये कळले. उंदरांच्या गाठींवर त्याचा परिणाम पाहून बऱ्याच आशा निर्माण झाल्या, पण कर्करुग्णांत त्याचा तितका उपयोग झाला नाही. क्षयरोगातही असेच दिसते. जुनाट संसर्ग असलेल्या उंदरांत मेट पेशींना चेतवणारे ५-ओपी-आरयू हे रसायन दिल्यावर जंतूंची संख्या घटली, पण माकडांना तेच दिल्यावर फुप्फुसांतील मेट पेशी कामाला लागण्याऐवजी थकून गेल्या.

उंदीर निरुपयोगी आहेत असे मी म्हणत नाही. एखादे जनुक काढून टाकल्यावर काय होते, हा प्रश्न माणसावर विचारता येत नाही. पण मेट पेशींवर काम करणाऱ्याला माणसाचे रक्त हीच पहिली पसंती असते, नाइलाजाने घेतलेला पर्याय नव्हे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण भारतात आहेत, मधुमेहींची आपल्याकडे उणीव नाही, आणि महागडे प्राणिगृह उभारायला लागणारा पैसा बहुतेक विभागांकडे नाही. ही सारी परिस्थिती इतर विषयांत अडचणीची असते, इथे ती उपयोगी पडते.

याला जोडून एक तांत्रिक सोय आहे, जिच्याकडे नवखे सहसा लक्ष देत नाहीत. पारंपरिक टी पेशी शोधायच्या तर प्रत्येक रुग्णाचा एचएलए प्रकार तपासावा लागतो आणि त्याच्या मापाचा टेट्रामर, म्हणजे नेमक्या त्याच पेशींना चिकटणारा चार रेणूंचा चमकता संच, घ्यावा लागतो, शिंप्याकडे प्रत्येकाचे वेगळे माप द्यावे तसे. आपल्या लोकसंख्येत एचएलएचे वैविध्य इतके आहे की हे काम लवकरच हाताबाहेर जाते. एमआर१ मात्र जवळजवळ सर्व माणसांत सारखाच असतो. एकच टेट्रामर बडोद्याच्या रुग्णाला चालतो आणि स्टॉकहोमच्याही. अमेरिकेत अटलांटा येथील एनआयएच (राष्ट्रीय आरोग्य संस्था) टेट्रामर केंद्र हे टेट्रामर अर्जावरून शैक्षणिक प्रयोगशाळांना पुरवते, त्यामुळे छोट्या प्रयोगशाळेलाही जगाच्या बरोबरीच्या साधनाने काम करता येते.

आता या क्षेत्रातला सापळा. क्षय, एचआयव्ही, टाइप २ मधुमेह, स्थूलता, कोविड : कोणताही आजार घ्या, रुग्णांच्या रक्तात मेट पेशी घटलेल्या आढळतात. त्यामुळे रुग्णांचे आणि निरोगी लोकांचे रक्त घेऊन, पेशी मोजून, ‘अमुक आजारात मेट पेशी घटतात’ असा शोधनिबंध काढणे फार सोपे झाले आहे. माझे स्पष्ट मत असे की अशा निबंधांची आता कोणाला गरज नाही. पेशी रक्तातून खरोखर नाहीशा झाल्या, की फुप्फुसात वा आतड्यात गेल्या, की रक्तातच असून ओळखखूण गमावून बसल्या, हे त्या एका आकड्यातून कळतच नाही.

हे फ्लो सायटोमीटरच्या, म्हणजे रंगीत खुणा लावलेल्या पेशी एकेक करून मोजणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर कसे दिसते ते सांगतो. टेट्रामर नसताना सीडी१६१ ही पृष्ठभागावरची खूण भरपूर आणि रिसेप्टरचा व्हीअल्फा ७.२ हा भाग असलेल्या पेशींना मेट पेशी म्हणण्याची पद्धत आहे. निरोगी तरुणाच्या रक्तात उजव्या वरच्या कोपऱ्यात त्यांचा ठसठशीत, सुटा पुंजका दिसतो आणि त्याभोवती चौकट आखणे कोणालाही जमते. आजारी माणसाच्या नमुन्यात हाच पुंजका पसरट होतो, खाली ओघळतो, कारण चेतवलेल्या पेशी आपला रिसेप्टर काही काळ आत ओढून घेतात आणि सीडी१६१चे प्रमाणही बदलू शकते. एचआयव्हीच्या बाबतीत याच मुद्द्यावर, पेशी मेल्या की सीडी१६१ मावळला, असा मोठा वाद झाला. चौकट कुठे आखली यावर निष्कर्ष पालटू लागला की ती पद्धत पुरेशी नाही असे समजावे. मग ५-ओपी-आरयू भरलेला एमआर१ टेट्रामर आणि त्याच्या जोडीला, नियंत्रण म्हणून, ६-एफपी हा दुसरा रेणू भरलेला टेट्रामर, असे दोन्ही वापरावे लागतात. दुसरा टेट्रामर मेट पेशींना चिकटत नाही, म्हणून पार्श्वभूमी किती आहे ते त्यावरून कळते.

तुलनेसाठी निवडलेल्या निरोगी लोकांत याहून मोठी गफलत होते. मेट पेशी जन्मतः थोड्या असतात, तरुणपणी कमाल पातळीला पोचतात आणि वयाबरोबर उतरतात. आपल्याकडे निरोगी गट म्हणजे बहुधा वसतिगृहातील पंचविशीची मुले, आणि रुग्ण पन्नाशीचे. असा अभ्यास क्षयरोग न मोजता वय मोजतो. तुमच्या विषयात तर मधुमेह आणि लठ्ठपणा आधीच आहेत. म्हणजे फक्त क्षय, फक्त मधुमेह, दोन्ही आणि दोन्ही नाही, असे चार गट हवेत आणि चारही गटांचे वय व वजन जुळणारे हवे. चौथा गट मिळवणे सर्वांत कठीण. रुग्णांसोबत रुग्णालयात आलेल्या त्याच वयाच्या नातेवाइकांना विचारावे, असे मी सुचवीन. पण क्षयरुग्णाच्या घरातील माणसाला सुप्त संसर्ग असू शकतो, म्हणून ती तपासणीही करावी लागते. दमछाक करणाऱ्या व्यायामाने मेट आणि गॅमा-डेल्टा पेशी तात्पुरत्या रक्तात वाढतात, हेही लक्षात असू द्या. जिने चढून धापा टाकत आलेल्या स्वयंसेवकाचे रक्त लगेच घेऊ नये, त्याला थोडा वेळ बसू द्यावे.

नमुन्याच्या हाताळणीबद्दल लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण एकच गोष्ट सांगतो. पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या रक्ताची नळी बर्फात ठेवायची नसते, खोलीच्या तापमानाला ठेवायची असते. पुस्तकातील खोलीचे तापमान २० ते २५ अंश असते. मे महिन्यात सयाजीराव रुग्णालयाच्या फाटकातून स्कूटरवरून निघालेल्या डब्याचे नसते. उष्णता सोसलेल्या पेशी फायकॉलवर, म्हणजे त्या वेगळ्या करणाऱ्या दाट द्रवावर, नीट थर धरत नाहीत, आणि पुढे त्या चेतवल्यावर काय दिसले तर ते रोगामुळे की उन्हामुळे हे ठरवता येत नाही. त्या प्रयोगशाळेत रक्त काढल्यापासून फायकॉलपर्यंत किती वेळ जातो आणि ते कशातून आणतात, हे अवश्य विचारा. उत्तर चटकन मिळाले तर तिथे रोज काम चालते असे समजायला हरकत नाही.

एवढ्यावरून तुमच्या ध्यानात आले असेल की मोजणीही वाटते तितकी सोपी नाही, आणि ती चोख झाली तरी ती फक्त सुरुवात असते. तिच्यापुढे काय, इथे तुमची बायोकेमिस्ट्री कामी येते.

मेट पेशींचा इतिहास पाहा. १९९३ मध्ये त्यांचा ठरावीक रिसेप्टर दिसला आणि २००३ मध्ये त्या एमआर१वर अवलंबून असतात व त्यांना आतड्यातील जीवाणू लागतात हे कळले. तरी त्या नेमके काय ओळखतात हे २०१२पर्यंत गूढ राहिले, कारण सारे पेप्टाइड आणि लिपिडच शोधत होते. मेलबर्नमधील जेम्स मॅक्लस्की आणि जेमी रॉसजॉन यांच्या गटाला एमआर१ प्रथिन नीट घडी घालून बनवता येत नव्हते, पण पेशी वाढवण्याचे साधे माध्यम मिसळले की ते घडत असे. माध्यमातील कोणता घटक एमआर१मध्ये जाऊन बसतो, हे मास स्पेक्ट्रोमेट्रीने शोधल्यावर ६-एफपी, म्हणजे फॉलिक आम्लाच्या विघटनातून आलेला एक तुकडा, हाती लागला. तो पेशींना चेतवत नव्हता, पण खोबणी जीवनसत्त्वांच्या जातकुळीच्या रेणूंसाठी आहे हे त्यावरून उमगले, आणि पुढे ब-२चा मार्ग सापडला. २०१४ मध्ये खरा रेणू स्पष्ट झाला : जीवाणूंचे ५-ए-आरयू आणि मिथिलग्लायॉक्झाल यांच्या संयोगातून बनणारे ५-ओपी-आरयू. पाण्यात ते टिकत नाही, पण एमआर१ने धरून ठेवले की टिकते. या साऱ्या शोधाची किल्ली रसायनशास्त्राकडे होती. म्हणून विद्यापीठात तुम्ही शिकलेली एन्झाइमांची गतिकी किंवा मास स्पेक्ट्रोमेट्री इम्युनॉलॉजीसाठी मागे टाकायची गोष्ट आहे, असे मानू नका.

तुमच्या विषयाकडे याच नजरेने पाहिले तर एक प्रश्न समोर येतो. मिथिलग्लायॉक्झाल आपल्या पेशींतही ग्लुकोजच्या विघटनातून तयार होते आणि मधुमेहात त्याची पातळी वाढते. मग मधुमेही माणसाच्या शरीरात क्षयाच्या जंतूचे ५-ए-आरयू मेट पेशींना अधिक प्रमाणात दिसते का? की मिथिलग्लायॉक्झाल इतके चळवळे आहे की ते प्रथिनांना चिकटून संपते आणि काहीच फरक पडत नाही? की सततच्या चेतनेने मेट पेशी थकतात? याचे उत्तर काय येईल ते मी सांगू शकत नाही, आणि ‘फरक पडत नाही’ असेही निघू शकेल. पण हा प्रश्न बशीत विचारता येतो. मोनोसाइट जातीच्या पेशी कमी आणि जास्त ग्लुकोजमध्ये वाढवायच्या, त्यांना ५-ए-आरयू द्यायचे, निरोगी दात्याच्या मेट पेशींशी गाठ घालायची आणि चेतलेल्या पेशी सोडतात ते इंटरफेरॉन-गॅमा मोजायचे. एका बाजूला एमआर१ला अडवणारे २६.५ हे प्रतिपिंड ठेवायचेच, कारण मेट पेशी आयएल-१२ आणि आयएल-१८ या संदेशवाहक प्रथिनांनी रिसेप्टरशिवायही चेततात आणि ते नियंत्रण नसेल तर निकाल वाचता येत नाही. रुग्णांच्या नोंदींत मेटफॉर्मिनचा रकाना विसरू नका. ते औषध मिथिलग्लायॉक्झालची पातळी खाली आणते असे निष्कर्ष आहेत.

आता पोटापाण्याचा प्रश्न. जानेवारी २०२३पासून जेआरएफ महिना ३७,००० रुपये आहे आणि पुढे वरिष्ठ शिष्यवृत्ती, एसआरएफ, ४२,०००. औषध कंपनीत पाच वर्षांनी याहून जास्त मिळेल, हे घरच्यांचे म्हणणे खोटे नाही, आणि घराला त्या पैशांची आताच गरज असेल तर नोकरी धरणे मी कमीपणाचे मानत नाही. पण ‘मेट पेशी शिकून नोकरी कोण देणार’ हा आक्षेप मला मान्य नाही. कोणीही नोकरी देताना मेट पेशींसाठी देत नाही. बारा-पंधरा रंगांचे फ्लो सायटोमेट्रीचे पॅनेल बसवता येणे, रुग्णांचे नमुने नैतिक समितीच्या मंजुरीपासून द्रव नायट्रोजनपर्यंत नेता येणे, माणसाच्या टी पेशी वाढवून त्यांची कामगिरी तपासता येणे, या गोष्टींना मागणी आहे. भारतात २०२३ मध्ये आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून पहिल्या देशी कार-टी उपचाराला, म्हणजे रुग्णाच्या टी पेशींत जनुकीय बदल करून त्या कर्करोगाविरुद्ध वापरण्याला, मान्यता मिळाली, तेव्हापासून ही मागणी वाढलीच आहे. गॅमा-डेल्टा आणि एनकेटी पेशी दुसऱ्या माणसाला दिल्या तरी त्या सहसा त्याच्या शरीरावर उलटत नाहीत, म्हणून एकाच दात्याच्या पेशींतून अनेक रुग्णांसाठी उपचार बनवण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. आपल्याजवळ खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. शुभदा चिपळूणकर यांच्या गटाने कर्करोगातील गॅमा-डेल्टा पेशींवर दीर्घकाळ काम केले आहे. ते निबंध वाचा, म्हणजे भारतात राहून अशा पेशींवर आयुष्यभराचे काम उभे राहते हे दिसेल. पोस्टडॉकसाठी मेलबर्न, ऑक्सफर्ड, पॅरिस आणि स्टॉकहोम इथे चांगले गट आहेत. परतण्यासाठी डीबीटी (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांच्या संयुक्त इंडिया अलायन्सच्या शिष्यवृत्त्या आहेत, पण त्यांत चुरस मोठी आहे.

एक गोष्ट मात्र मनाशी धरा. स्वतःची ओळख ‘मेट पेशींची संशोधक’ अशी करून देऊ नका. ‘मधुमेहात क्षय का बळावतो याचा अभ्यास करते आणि त्यासाठी मेट पेशी वापरते’ असे सांगा. पहिल्या ओळखीत त्या पेशीचे महत्त्व ओसरले की तुमचेही ओसरते. दुसऱ्या ओळखीत उद्या उत्तर गॅमा-डेल्टा पेशींत किंवा जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशींत सापडले तरी तुम्ही तिकडे वळू शकता.

होकार देण्याआधी एक दिवस त्या प्रयोगशाळेत घालवा. गाइडपेक्षा चौथ्या-पाचव्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी अधिक बोला. सायटोमीटर त्यांचा स्वतःचा आहे की दुसऱ्या संस्थेत तासांवर मिळतो, बिघडला तर किती काळ बंद असतो, हे विचारा. अलीकडच्या रुग्णाच्या नमुन्याचा टेट्रामरचा आलेख आणि त्याच्या शेजारचा ६-एफपीचा आलेख पाहायला मागा. दोन्ही असतील, निरोगी गटाचे वय रुग्णांशी जुळत असेल आणि फुप्फुसातला एखादा नमुना, निदान फुप्फुसाच्या आवरणात साठलेले पाणी, मिळवण्यासाठी छातीरोग विभागाशी बोलणी झालेली असतील, तर मी तुमच्या जागी असतो तर ही जागा घेतली असती. टेट्रामर अजून मागवायचा आहे पण अर्ज गेलेला आहे, एवढीच उणीव असेल तरी घ्यायला हरकत नाही, कारण पहिले वर्ष नाही तरी कोर्सवर्क आणि नैतिक समितीच्या मंजुरीतच जाते. पण ‘आधी शंभर रुग्णांच्या पेशी मोजू, मग प्रश्न पाहू’ असे उत्तर मिळाले, तर जेआरएफच्या पत्राची मुदत किती उरली आहे ते तपासा आणि दुसरीकडे अर्ज करायला लागा.